कॉर्नर आजोबा

इरा आणि नील, कॉर्नर आजोबा कुठलाही कागद उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यापासून वाचायला घेत. लग्नपत्रिका असो, औषधाच्या खोक्यावरची चिठ्ठी असो, नाहीतर नीलने काढलेला डायनोसॉर असो. नीलचं चित्र त्यांनी आपल्या गेटबाहेर उभं राहून हातात घेतलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "काढलं कोणी? तपासलं कोणी?"

"नोबडी," नील म्हणाला.

"मग पुरं कुठे झालंय?" असं म्हणून त्यांनी ते परत केलं. नील फणकाऱ्याने आत गेला, इराची सही घेऊन आला, तेव्हा कुठे त्यांची नजर डायनोसॉरकडे वळली. कॉर्नर आजोबा हे नाव तुम्हीच ठेवलंत. बाकी सगळे त्यांना सर म्हणत, कारण तुमची आई ज्या कंपनीत काम करते ती त्यांनी उभी केली होती.

तुम्ही तेव्हा लहान होतात, म्हणून क्रमाने सांगते. पुण्यात पंपांच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. म्हणजे यंत्राचा प्रत्येक भाग कागदावर मापासकट काढायचा, मग कारागिराने तो कागद पाहून भाग घडवायचा. काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. पुढे ते आयर्लंडला आले आणि एका आयरिश भागीदाराबरोबर औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसून, तीच ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर काढता येतील असा प्रोग्रॅम तयार करू लागले. पहिली गिऱ्हाइकं लाकडी जिने बनवणारे सुतार. मग दुधाच्या डेअऱ्यांना स्टीलच्या टाक्या करून देणारे, मग औषधांचे कारखाने. मी पाहिली तेव्हा कंपनी डब्लिनमध्ये चेरीवूडला एका मोठ्या इमारतीत अख्खा मजला घेऊन होती. इतकी कशी वाढवलीत, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "वाढवली कुठे हो? गिऱ्हाईक म्हणायचं, एवढं तुमच्या प्रोग्रॅममध्ये जमत नाही. ते जमवायचो. जिने झाले, टाक्या झाल्या, आता माणसांचे गुडघे आलेत."

त्यांच्या कंपनीत एक रीत होती. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी तिच्यातून नमुन्याचं ड्रॉइंग कागदावर छापायचं आणि दुसऱ्या कोणीतरी पेन्सिल घेऊन तपासायचं. बरोबर मापावर पिवळी रेघ, चुकीच्या मापावर लाल. तरुण मंडळी हसत. कॉम्प्युटरचं काम पेन्सिलीने तपासायचं! ते त्यांना टाकीची गोष्ट सांगत. सुरुवातीच्या दिवसांत घाईने, न तपासता दिलेल्या प्रोग्रॅममुळे एका डेअरीच्या टाकीचं झाकण भिंतीच्या बाजूला आलं होतं, उघडताच येईना. सर स्वतः गाडी चालवत कॉर्कला माफी मागायला गेले. "तो मालक मला म्हणाला, 'यू आर ग्रँड.' म्हणजे, काही हरकत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ग्रँडमुळे मला आठवडाभर झोप लागली नाही."

मी तुमच्याकडे ब्लँचर्डस्टाउनला आले ती २०२०च्या फेब्रुवारीत, दोन महिन्यांसाठी, आणि कोरोनामुळे विमानं बंद झाल्यावर वर्षभराहून जास्त राहिले. तुमचे बाबा दूर लेटरकेनीच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर अडकलेले, आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑफिस मांडून बसलेली. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन सारखं पुढे ढकललं जात होतं. मीही ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली आहे हे आईकडून कळल्यावर त्यांनी फोनवर माझी परीक्षाच घेतली.

"ताई, कुठल्या कामाला होतात?"

"आधी ट्रेसिंगला, मग ड्राफ्टिंगला."

"झालेल्या कागदावर शाई सांडली होती कधी?"

"दोनदा."

"म्हणजे खरंच होतात."

त्या शरद ऋतूत एक अमेरिकन कंपनी मोठं काम देऊ करत होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत हाड नेमकं कापण्यासाठी लागणारी साधनं ती बनवत असे. बांधकामवाली गिऱ्हाइकं थंडावली होती. हे काम मिळालं नाही तर माणसं कमी करावी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईचं वर्क परमिट त्याच नोकरीवर होतं. त्या कामाचा नमुना चार महिने खपून तिनेच तयार केला होता. सर कागदांची गुंडाळी घेऊन गेटपाशी आले. "माझ्या डोळ्यांना आता पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं. तुम्ही बघा."

"मुलीचं काम आईने कसं तपासायचं?"

"पेन्सिलीने," ते म्हणाले आणि टॅक्सीत जाऊन बसले.

मी माझ्या पद्धतीने वरून सुरुवात केली. दोन तासांत सगळा कागद पिवळा झाला. आईचं काम किती स्वच्छ! मग त्यांची सवय आठवून हसू आलं आणि मी सहज खालच्या कोपऱ्यात पाहिलं. एखादी वस्तू उजवीकडून कशी दिसते ते चित्र आपण भारतात डावीकडे काढतो, अमेरिकन लोक उजवीकडे. कागद कोणत्या पद्धतीचा, याची छोटी खूण कोपऱ्यात असते. खूण अमेरिकन पद्धतीची होती, चित्रं मात्र आपल्या पद्धतीने मांडलेली. मला खटकलं नव्हतं, कारण मीही तेच शिकले होते. मापं सगळी बरोबर, पण या कागदावरून कारागिराने साधन घडवलं असतं तर उजव्या गुडघ्याच्या जागी डाव्याचं झालं असतं.

मी लाल पेन्सिल घेतली. आई कागद पाहून पांढरी पडली. "आई, उद्या डेमो आहे! आणि पुढे त्यांची माणसं तपासतातच की."

"तूच सरांना फोन कर," एवढंच मी म्हटलं. सर म्हणाले, "बरं. उद्या त्यांना सांगू, दोन आठवडे उशीर." दुसऱ्या दिवशी आई माझ्याशी फक्त "प्रेसमधून डबा काढ" इतकंच बोलली, तुम्ही कपाटाला प्रेस म्हणता तसं. आजी आणि आई भांडल्यात का, असं इराने विचारलं होतं, तो हा दिवस.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्यात न येता मटार सोलत होते. अमेरिकन साहेबाने सरळ विचारलं, ही चूक कोणाची? अशा वेळी सर नेहमी स्वतःचं नाव घेत. त्यांनी तोंड उघडलेलं मला पडद्यावर दिसलं. मग ते थांबले, आणि त्यांनी आपला माइक बंद केला.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माझी," आई म्हणाली. "आणि पकडली माझ्या आईने."

"तुमच्या आई कुठल्या विभागात आहेत?"

"सध्या मटार सोलतेय."

साहेब मोठ्याने हसला आणि म्हणाला, दोन आठवड्यांनी नीट करून दाखवा. काम मिळालं. त्या वर्षी कंपनीतल्या कोणाचीही नोकरी गेली नाही.

कॉल संपल्यावर सरांचा फोन आला. आईने स्पीकर लावला. मला वाटलं, शाबासकी देतील. "मुक्ता," ते म्हणाले, "तू गप्प राहिली असतीस तर मी बोललोच असतो. पण मग पुढच्या चुकीला तुला माझी आयती सोय झाली असती." आई हो म्हणाली. मग समोर बसून माझ्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा तिने आपल्याकडे ओढल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुण्याला परतले. निघताना ते तुमच्या गेटपाशी निरोपाला आले होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "ताई, आवाजावरून तुम्ही बऱ्याच तरुण वाटायचात." आमची तीच शेवटची भेट. त्यांचे आभार मी मानलेच नाहीत. तुमच्या आईची चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली असती तर मी तेव्हा लगेच मानले असते; त्यांनी ती तिच्याकडेच राहू दिली, हे किती मोठं होतं ते मला इथे आल्यावर कळलं.

ते गेल्याचं आईने गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "आई, सोमवारचं रिलीज मी थांबवलंय. माझ्याकडून एक गोष्ट राहिली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, मीच सांगितलं."

मी म्हटलं, "बरं."