खाली कोणीतरी पाहिजे

सुधाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. फोनवर ऊर्जानगरजवळचे त्यांचे शेजारी होते. "भाऊ गेले," एवढंच ते बोलले, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कुठी पडले?" मग ते गृहस्थ जरा रागानंच म्हणाले, "पडले कुठी नाई जी. घरीच खुर्चीत बसून होते. टीव्ही चालू होता." बादली माझ्या हातात तशीच तिरपी राहिली आणि पाणी पायावर सांडत गेलं... तीन उन्हाळे आम्ही घरचे सगळे एकाच बातमीच्या तयारीत होतो. ते झाडात अडकले, ते तारांवर पडले, ते तलावात पडले. प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं हेसुद्धा माझ्या मनात ठरलेलं होतं. खुर्चीचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

सुधाकरभाऊ म्हणजे माझी बायको रेखा, तिचे थोरले भाऊ. सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात, पाळीवर. कंपनीच्या बसनं जायचं, कंपनीच्या बसनं यायचं. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची, पण कोणत्याही वेळेची बस क्वार्टरच्या कोपऱ्यावर थांबली की मालतीवहिनी फाटकात उभ्या असायच्या. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. "एवढी काय घाई, थो का हरवून राह्यला?" म्हणून सासूबाई चिडवायच्या, तरी उभ्या. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना वहिनी आजारपणात गेल्या. मुलगी बंगलोरला, रोज संध्याकाळी न चुकता फोन करणारी. भाऊंनी ऊर्जानगरला, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीला, लागून दोन खोल्यांचं घर घेतलं आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. यायचे, जेवायचे, पंख्याकडे बघत बसायचे. असंच पंख्याकडे बघता बघता एकदा म्हणाले, "जवाई, मी उडाचं म्हणतो."

मला वाटलं, दुबईला वगैरे. मी म्हटलं, "जा ना, पासपोर्ट काढून घ्या."

"तसं नाई. मी स्वतः."

आमचे भाऊ नागपूरला जाऊन विमान शिकवणाऱ्यांकडे चौकशी करून आले होते. तिथला एका तासाचा भाव ऐकून त्यांनी दिलेला चहाही न पिता उठले म्हणे. पण माणूस पाळीवर घडलेला, मोटर बंद पडली म्हणून घरी जाणारा नव्हे. शोधता शोधता त्यांना कळलं की गरिबाचंही एक विमान असतं. पाठीवर पिंजऱ्यात बसवलेली मोटर आणि पंखा, डोक्यावर कापडाचं लांब पंख, आणि चाकांच्या जागी आपलेच दोन पाय. पळायचं आणि उडायचं. सह्याद्रीच्या बाजूला एक गृहस्थ ते शिकवतात. भाऊंनी आपली जुनी कार विकली, तिकडे जाऊन शिकून आले, आणि ज्याच्या बायकोनं घरात पाऊल ठेवल्याबरोबर हा छंद बंद केला अशा एका तरुणाकडून जुनं सामान घेऊन आले. कार विकून मोटरसायकल घेणारी माणसं मी पाहिली होती. कार विकून पाठीवर मोटर घेणारे आमच्या दोन्ही खानदानांत हेच पहिले.

रेखा त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता थांबली. मला आत बोलावून म्हणाली, "त्याले वहिनीच्या मागं जाचं आहे. तुमी जा त्याच्यासंगं."

"मी जाऊन काय करू? मले गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावतानी चक्कर येते."

"उडा कोण म्हणते तुमाले? खाली उभे राहा."

आणि गंमत अशी की शिकवणाऱ्यांचा पहिला नियमही तोच होता. एकट्यानं उडायचं नाही. खाली कोणीतरी पाहिजे. वारा बघणारं, मैदान मोकळं ठेवणारं, आणि माणूस उतरेपर्यंत जागा न सोडणारं. भाऊ हा नियम फार खुशीत सांगायचे. मी समजत होतो की ते माझी थट्टा करतात.

आमच्या भागात जमीन जंगलाची, आणि आभाळ परवानगीचं. इकडे वाघांचं राखीव जंगल, तिकडे वीज केंद्र आणि खाणी, आणि गडचिरोलीकडे सरकलं की आभाळात पोलिसांचं हेलिकॉप्टर. शेवटी मूल आणि सावली या दोन गावांच्या मधे आमच्या सासुरवाडीच्या गावी तलावावर, कमी उंचीवर, रविवारी सकाळी, एवढ्याला परवानगी मिळाली. त्याआधी ठाण्यात झालेली बोलणी मला पाठ आहेत, कारण घाम मलाच फुटला होता. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "उडून जाणार कुठी?"

"कुठीच नाई, साहेब. वापस इथीच."

"मंग उडता काऊन?"

भाऊ म्हणाले, "वापस याले."

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागलो.

गावचा तलाव जुना, मोठा. थंडी सरली की पाणी आटत आटत पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, कोपऱ्यात जातं आणि बाकीचं पात्र भेगाळून मैदान होतं. धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, पळता येत नाही, दर वीस पावलांवर मातीचा धुरा आडवा येतो. म्हणून तलावच बरा. मध्येमध्ये म्हशींच्या खुरांचे खड्डे असायचे. ते मी आदल्या दिवशी फावड्यानं बुजवायचे. एका बांबूला माझा उन्हाचा पांढरा दुपट्टा बांधून तो रोवायचा, म्हणजे वारा कळतो. पेट्रोलचा डबा मी वाहायचा, कुत्री मी हाकलायची. मग भाऊ ते धूड पाठीवर घेऊन धावायचे, पंख डोक्यावर उभं राहायचं, पाय हवेत सुटायचे, आणि मोहाच्या झाडांवरून तो आवाज लहान होत जायचा. मी मात्र तलावाच्या मधोमध एकटा. पलीकडे जंगल. त्या भागात वाघ काही पाहुणा नाही. मी एकदा भाऊंना म्हटलं, "तुमी वर गेले की वाघाले खाली एकच पर्याय रायते." ते म्हणाले, "म्हणून त जाड जवाई निवडला. तेवढ्यात मी उतरून येतो."

उतरण्याचीही रीत होती. पाय टेकले, पंख मागे पडलं की ते तिथूनच ओरडायचे, "उतरलो!" आणि मी ओरडायचं, "पाह्यलं!" एकदा मी बांबूला गुरफटलेला दुपट्टा सोडवण्यात गुंतलो होतो, उत्तर दिलं नाही. तर मोटर पाठीवर तशीच, हेल्मेट डोक्यावर तसंच, भाऊ जागचे हलेनात. "जवाई, उतरलो म्हटलं ना मी!" मी वैतागून "पाह्यलं हो पाह्यलं," केलं, तेव्हा कुठे त्यांनी पट्टे सोडले.

गाववाल्यांनी पहिले दोन रविवार पाळीवर गर्दी करून पाहिलं, तिसऱ्या रविवारी ते आपल्या कामाला लागले. एकट्या कौसाबाई येत राहिल्या. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी, वयानं रेखाच्या आईएवढ्या, नवरा नाही, मुलगा हैदराबादकडे बांधकामावर. त्यांनी भाऊंना विचारलं, "वरून माह्यं घर दिसते का जी?"

"सगळ्यायच्या छपरावर कवेलूच दिसते, बाई. तुमचं कोणतं थे कसं कळन?"

पुढच्या रविवारी कौसाबाईंच्या छपरावर हिरवं लुगडं पसरलेलं होतं. भाऊ उतरले आणि "उतरलो" झाल्याबरोबर म्हणाले, "कौसाबाई, तुमचं घर दिसलं. माकडायनं मागच्या बाजूचे कवेलू फोडले आहे, आड्याजवळ." बाईंनी जाऊन बघितलं, तर खरंच. मग काय... रविवारी पहाटे गावातल्या छपरांवर कपडे दिसू लागले म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मला खालून काही दिसत नसे. लाल चादर, निळी ताडपत्री, एका घरावर तर मुलाचा शाळेचा शर्ट. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, म्हणजे फुटके काढून नवे बसवायचे असतात, आणि वर चढून शोधत बसण्यापेक्षा सुधाकरभाऊंना विचारणं सोपं. ते उतरले की दहा-बारा माणसं भोवती. "आमचं कसं हाये?" "तुमचं चांगलं आहे. बाजूवाल्याचं पाहा." भाऊंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा. मला वाटायचं, आता झालं, माणूस लागला मार्गी.

मग मागच्या उन्हाळ्यातला तो रविवार. भाऊ मोहाच्या झाडांपलीकडे गेले आणि आवाज बंद झाला. लहान होत गेला नाही; बंद झाला. मी थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिलो, मूर्खासारखा. मग पळालो. माझं वजन, माझी चप्पल, त्या भेगा... पाळ चढलो, उतरलो, बांध्यांमधून धुरे ओलांडत पळालो. चप्पल कुठे गेली कळलं नाही. तोंडानं देवाचं नाव घेत होतो की रेखाला काय सांगायचं ते घोकत होतो, आता आठवत नाही. झाडांपलीकडच्या एका मोठ्या बांधीत रंगीत पंख नीट पसरलेलं होतं आणि धुऱ्यावर भाऊ बसले होते. मोहाची फुलं वेचून ओळीनं मांडत होते.

मी धापा टाकत म्हटलं, "लागलं का? मोटर बंद पडली?"

"पडली नाई. मी बंद केली."

"काऊन?"

त्यांनी एक फूल उचलून इकडचं तिकडे ठेवलं. "पाहून राह्यलो होतो... कोणी येते का."

मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जावयाच्या तोंडी शोभणारंही नाही. माझ्या शिव्या संपल्यावर ते म्हणाले, "बसमधून उतरलो का ती फाटकात रायची. कधी काही बोलत नसे. मी दिसलो का आत जाऊन चहा ठेवे. आता कुठूनही आलो का कुलूप. घरात येऊन म्हणतो मी कधीकधी, आलो म्हणून. जवाई, भिंतीले सांगून पाहा एकदा." मग माझ्या पायांकडे लक्ष जाऊन हसले. "चप्पल कुठी आहे तुमची?"

परतताना एक चप्पल मिळाली. दुसरी अजून त्या बांध्यांमध्येच असेल.

एवढं झाल्यावर ते पुन्हा कधी झाडांपलीकडे गेले नाहीत. या वर्षी तर सगळा वेळ तलावावरच फेऱ्या मारायचे, मी मान वर केली की दिसतील असे. शेवटच्या रविवारी उतरल्यावर म्हणाले, "कौसाबाईच्या आड्याजवळचे पुन्हा फुटले. पोट्टा येत नाई म्हणते तिचा. पुढच्या वेळी आपणच चढू." मी म्हटलं, "आपण म्हणजे तुमी." त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी मुलीचा फोन त्यांनी उचलला नाही. तिनं शेजाऱ्यांना लावला. दार आतून लोटलेलं होतं, कडी नव्हती. हवेत एकदाही एकटे न गेलेले सुधाकरभाऊ जमिनीवर एकटे होते. यात कोणाचं काही चुकलं असं नाही. रविवारची वाट पाहायला माणूस नेमता येतो... गुरुवारची कोण पाहणार?

तेरवी झाली, पाहुणे गेले. त्यानंतरच्या रविवारी पहाटे मला जाग आली, नेहमीच्या वेळेला. रेखा जागीच होती. म्हणाली, "जाऊन या." मी गावाकडे निघालो.

गावात बातमी कधीच पोहोचली होती. तरी कौसाबाईंच्या अंगणात गेलो तर निसणी छपराला टेकवलेली. "कोण चढन म्हणून पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या. नवीन कवेलू खाली रचून ठेवलेले होते. का कोण जाणे, मी चार कवेलू काखेत घेतले आणि निसणीवर पाय ठेवला. तिसऱ्या दांडीवर खाली पाहिलं आणि निसणी कवटाळली. "खाली पाहू नका जी," कौसाबाई निसणी धरून ओरडल्या. "आन् कवेलूवर बसू नका. तुमी फोडान उरलेले." रांगत रांगत, देवाचं नाव घेत, छपराच्या माथ्यावर आड्याजवळ पोहोचलो. भाऊंनी सांगितलं होतं तिथेच फुटलेले होते. बाजूला हिरवं लुगडं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवलेलं. अजून.

कवेलू बसवून मान वर केली, तेव्हा तलाव दिसला. तीन उन्हाळे ज्या पात्रात मी उभा राहिलो, ते मी पहिल्यांदा वरून पाहत होतो. केवढं तरी मोठं, भुरकट, आणि मधोमध एवढीशी काडी. माझा बांबू. त्या शेवटच्या रविवारी रोवलेला, कोणी काढला नव्हता. त्यावर माझा दुपट्टा वाऱ्यानं आडवा झालेला. त्याच्याशेजारी कोणी नव्हतं. एवढ्या मोठ्या उजाड पात्रात एक जाड माणूस मान वर करून उभा असलेला वरून कसा दिसत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी किती वेळ तिकडे बघत बसलो माहीत नाही.

"भाऊ, या ना आता खाली," कौसाबाई ओरडल्या. "हात भरून आले माहे."

मी उतरू लागलो. एकेक दांडी, डोळे मिटून. शेवटची दांडी संपून पाय अंगणातल्या मातीला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "उतरलो."

कौसाबाईंनी निसणीवरचा हात काढला. "दिसून राह्यलं ना मले," त्या म्हणाल्या. "बसा, चहा ठेवतो."