चौघांची जुनी पुस्तकं आणि सावंतकाकांचा एक डोळा

किस्से जमवावे लागत नाहीत. कॉटखाली जुनी मासिकं साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. आमच्या मालाडच्या टोळक्याचे तर इतके आहेत की सुरुवात कुठून करावी याचीच मला काळजी. तशी मला कशाचीही काळजी लागते. गॅस बंद केला का, इथपासून सूर्य विझला तर काय, इथपर्यंत. यातली दुसरी काळजी मला विज्ञानकथांनी लावली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शनिवारी ऑफिसं अर्धा दिवस असायची. दुपारी जेवण उरकून आम्ही चौघं माझ्या घरी जमायचो. नियम एकच होता, नवीन पुस्तक आणायचं नाही. परग्रह, राक्षस, जादूगार, अंतराळयानं, कॉमिक्स, काहीही चालेल, पण आधी वाचलेलं आणि आवडलेलं हवं. ते पुन्हा वाचायचं आणि त्यावर भांडायचं.

*

सुरुवातच भांडणाने झाली होती. स्टेशनजवळच्या लायब्ररीत मी एका कादंबरीला हात घातला आणि त्याच वेळी पलीकडून दुसरा हात आला. तो सावंतकाकांचा. देवगडकडचे, पन्नाशीचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे.

"बाय, मी सकाळधरना ह्याच्यासाठी येऊन बसलंय," काका म्हणाले.

"मी मागच्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं," मी म्हणाले.

आवाज चढले. लायब्ररीवाल्यांनी चष्मा वर केला. "बाई, तुम्ही हे तीनदा नेलंय. सावंत, तुम्ही पाचदा. शेवट दोघांनाही ठाऊक आहे. मग भांडता कशाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग पुस्तक काकांनी नेलं आणि ते वाचायला मी त्यांच्या घरी गेले.

*

तिसऱ्या कर्णिकबाई. मुलुंडच्या एका शाळेत शिकवायच्या, इतक्या कडक की वर्गात पंखासुद्धा जपून फिरायचा. त्यांना राक्षसांचे कॉमिक्स फार प्रिय. शाळेत ते उघडपणे कसे वाचणार? म्हणून त्यांनी पाच-सहा एकत्र बांधून घेतले, वर खाकी कव्हर घातलं आणि लेबलवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नागरिकशास्त्र, संदर्भ'.

एक दिवस मुख्याध्यापिका स्टाफरूममध्ये आल्या. "कर्णिकबाई, हे जरा नेते हं, मला तासाला हवंय," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

आठ दिवस काही निरोप नाही. कर्णिकबाईंचं जेवण सुटलं. त्या शनिवारी त्यांनी आमच्यासमोर राजीनाम्याचा मसुदा वाचून दाखवला. तो छान जमला होता, पण आमच्यातल्या चौथ्याने, नंदूने, त्यात शुद्धलेखनाची एक चूक काढल्याने त्या आणखी खचल्या.

नवव्या दिवशी मुख्याध्यापिकांनी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का?"

*

नंदू आमच्यात धाकटा. राहायचा वाकोल्याला, नोकरी बँकेत. त्याची आवडती कादंबरी म्हणजे एक यंत्र सगळ्या शहराचा ताबा घेतं ती. ती त्याची चौथ्यांदा वाचून संपते ना संपते, तोच त्यांच्या ब्रँचमध्ये कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी केबिन आणि एसी. माणसांना पंखे.

युनियनने घोषणा दिल्या. नंदूने त्या दिल्या नाहीत. तो रोज सकाळी केबिनसमोर जायचा आणि म्हणायचा, "गुड मॉर्निंग."

मॅनेजरनी विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"

"साहेब, उद्या राज्य त्याचंच आलं तर आपण शिव्या दिल्या नव्हत्या, एवढं तरी त्याच्या लक्षात राहील."

साहेब हसत हसत निघून गेले. तिसऱ्या दिवशी नंदूने पाहिलं, केबिनवरून जाताना साहेबांनीही हळूच मान लववली.

*

आता ज्याच्यामुळे आमचं हसणं बंद झालं, तो किस्सा. आम्ही आरे कॉलनीत सहलीला गेलो होतो. झाडाखाली सतरंजी, डबे आणि पुस्तकांची पिशवी. सावंतकाकांना त्यांचं लाडकं प्रकरण मोठ्याने वाचायची हुक्की आली. समुद्राच्या तळाशी वसलेल्या शहराचं.

काका छान वाचायचे. त्या दिवशी तर रंगलेच होते. मध्येच पान उलटत होते, योग्य जागी थांबत होते. कर्णिकबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

नंदूने माझं कोपर दाबलं. मी पाहिलं. काकांच्या हातात भलतंच पुस्तक होतं. पिशवीतली सगळी सारख्याच खाकी कव्हरची, त्यांनी उचललं ते कर्णिकबाईंचं 'नागरिकशास्त्र' होतं.

प्रकरण संपलं. कर्णिकबाईंनी डोळे उघडले आणि त्यांनाही लेबल दिसलं. काकांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "काय झाला? चुकलंय खंय?"

"नाही काका," मी म्हणाले. "एक शब्दही चुकला नाही."

*

काकांचा उजवा डोळा गिरणीतच गेला होता, मागावर धागा नेणारा धोटा उडून लागल्याने. ते आम्हाला ठाऊक होतं. राहिलेल्या डाव्यात मोतीबिंदू पिकत होता, हे त्यांनी वर्षभर लपवलं होतं. "डॉक्टरान कापल्यान आणि बिघाडला तर?" एवढंच त्यांचं म्हणणं.

आम्ही त्यांना धरून नेलं. डॉक्टर भला माणूस होता, पण खरं बोलायची त्याला वाईट सवय. म्हणाला, "दुसरा डोळा असता तर मी इतका विचार केला नसता. हा एकच आहे, त्यामुळे भीती मलाही वाटते."

तरी काकांनी तारीख घेतली. ऑपरेशनला तीन आठवडे होते. मला वाटलं, आता ते आवडत्या कादंबऱ्या मागतील. त्यांनी कॉमिक्स मागितले.

नंदू म्हणाला, "काका, तुम्ही तर म्हणायचात की कॉमिक्स पोरांसाठी असतात."

"कादंबऱ्यो तुमी वाचून दाखवशात रे. चित्रां कोण वाचून दाखयतलो?"

ते तीन आठवडे काका भर दुपारी गॅलरीतल्या उन्हात बसायचे, कॉमिक नाकाला लावून. मी जायचे तेव्हा दारातूनच परत फिरावंसं वाटायचं.

*

तरीही चित्रं वाचून दाखवायची तयारी ठेवायला हवीच होती. म्हणून आम्ही सराव केला. काका डोळे मिटून बसले.

नंदूने सुरुवात केली. "पहिल्या चौकटीत माणूस. दुसऱ्या चौकटीत तोच माणूस. तिसऱ्यात तो जरा मोठा झालाय."

"म्हणजे वाढलो?"

"नाही, जवळून काढलाय."

कर्णिकबाईंनी शुद्धलेखन घालावं तसं वाचलं. "राक्षस म्हणाला, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, मी तुला खाईन, पूर्णविराम."

"खाऊन टाकू दे माका," काका म्हणाले.

मग पाळी माझी आली. मी चौकटी सोडून दिल्या आणि नुसतं काय घडतंय ते सांगत गेले. काका पुढे सरकून बसले. त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

*

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. पाच दिवस उताणं पडून राहायचं. कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. कसं झालंय, ते पट्टी सुटल्यावरच कळणार. सिस्टरनी मला बजावलं, "विनोदी काही वाचू नका."

मी त्यांचं सगळ्यात आवडतं कॉमिक नेलं होतं. एका ओसाड ग्रहावर एक म्हातारा दीपगृह सांभाळत असतो आणि वाट चुकलेल्या यानांना दिवा दाखवतो. शेवटी एक यान सुखरूप निघून जातं आणि म्हातारा जिना चढायला लागतो. हे मी रजा टाकून दोन दिवस पुरवून पुरवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पानं संपली.

"मगे?" काका म्हणाले.

"मग काय, संपलं काका."

"मगे?"

कॉमिक त्यांना तोंडपाठ होतं. पुढे काही नाही, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. त्यांच्या हाताने चादर घट्ट धरली होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मग दुसरं यान आलं."

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. मी यानामागून यान आणत होते. शेजारच्या कॉटवरचे पट्टीवालेही विचारायला लागले, "बाई, पुढे काय?" रोज घरी जाताना मला दोन काळज्या असायच्या. डोळ्याचं काय होईल, आणि उद्या काय सांगू.

पाचव्या दिवशी नंदू आणि कर्णिकबाईही आले होते. गोष्टीत ग्रहावर दाट धुकं उतरलं होतं. एक यान त्यात घिरट्या घालत होतं आणि म्हाताऱ्याचा दिवा काही त्याला दिसत नव्हता. तेवढ्यात डॉक्टर आले. सिस्टरनी पडदे ओढले आणि पट्टी सोडायला घेतली. कर्णिकबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की दोन दिवस वळ होता.

"सावकाश उघडा," डॉक्टर म्हणाले. त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. "किती बोटं?"

काकांनी वेळ घेतला.

"तीन."

"आता?"

"एक."

कर्णिकबाई तिथेच स्टुलावर बसून रडायला लागल्या. नंदूने डॉक्टरांचा हात धरला तो सोडेचना. आणि या गडबडीत काकांनी डोळा पुन्हा मिटून घेतला.

डॉक्टर घाबरले. "काय झालं सावंत? दुखतंय? उजेड सहन होत नाहीये?"

"तसा काय नाय."

"मग मिटला का? उघडा बघू."

काकांनी मान हलवली नाही. मिटल्या डोळ्यानेच त्यांनी हात पुढे केला, चाचपत माझा पदर धरला आणि म्हणाले, "थांबा हो डॉक्टर. तां यान अजून धुक्यात आसा."