येतं कशाला म्हणायचं?

वस्तीत तिला सगळे फौजदारीण म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. जुन्या पॅन्टच्या चेनी बदलून पोट भरणारी बाई, पण तोंडाचा पट्टा सुटला की शिवणयंत्राचा आवाज ऐकू येत नसे. नवरा गेल्यावर तिनं एकच ध्यास घेतला: लेकीला मोठ्या रस्त्यापलीकडच्या चांगल्या शाळेत घालायचं.

म्हणून तर तिनं रविवारच्या शिकवणीला आपली खोली दिली. मशीन भिंतीला सरकवायची, चटई अंथरायची. शिकवायला कॉलेजातली पोरं-पोरी येत, हौसेनं, फुकट. त्यांच्या परीक्षा आल्या की ही टोळी गायब, नंतर नवी हजर. आणि नवी टोळी सुरुवात कुठून करणार? पहिल्या अक्षरापासून! आधीच्यांनी काय शिकवलं, हे विचारतील तर शपथ.

वस्तीतली पोरं कसली वस्ताद! त्यांनी बरोबर हेरलं. 'येतं' म्हटलं की शिकवणारी ताई हिरमुसते. 'येत नाही' म्हणायचं आणि मग पटकन शिकायचं, की ताई टाळ्या वाजवते, जवळ घेते. फौजदारिणीची लेक यात सगळ्यांच्या वरताण. घरी धडाधड वर्तमानपत्र वाचायची, चटईवर मात्र पहिल्या अक्षराकडे बघून डोकं खाजवायची. आई हसायची, "नाटकी गं बाई माझी!"

त्या चांगल्या शाळेत मुलं निवडायचा दिवस उजाडला. मुख्याध्यापिकेनं पुस्तक पुढं केलं आणि गोड हसून विचारलं, "वाचतेस का, बाळ?"

"मला नाही येत," लेक म्हणाली, आणि टाळ्यांची वाट बघत बसली.

"अगं कार्टे, वाच की! येतं हो तिला, सगळं येतं!" फौजदारीण ओरडली. असं सांगणाऱ्या आया मुख्याध्यापिकेला रोजच भेटत. तिनं पुस्तक मिटलं. "पुढच्या वर्षी बघू."

त्या रविवारी नवी ताई रंगीत खडू घेऊन आली, तर फौजदारीण दारात आडवी.

"चालती हो!"

"पण मावशी, आम्ही काय केलं?"

"काय केलं? माझ्या हुशार पोरीला ढ व्हायला शिकवलंत, आणि वर टाळ्या पिटल्यात! पुण्य कमवायला दुसरं दार बघा. माझ्या लेकरावर हौस भागवू नका!"

ताईचे डोळे भरून आले. तेवढ्यात लेक आतून पुढं झाली. आईचा पदर ओढत हळूच म्हणाली, "आई, ताई रडतेय बघ. मी म्हणू का, येत नाही म्हणून?"

फौजदारिणीनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि दार धाडकन लावून घेतलं.