अणू गप बसत न्हाईत

आमच्या फिजिक्सच्या लॅबमधी कपाटं चार. ती कधीच भरली. किस्से ठेवायला कपाट लागत न्हाई, म्हणून ते साचतच जातात. जिंतूरकडच्या एका कॉलेजात मी वीस वर्षं हाय. झाडणं, दिवे लावणं, यंत्रं पुसणं, पोरं हाकलणं, सगळं माझ्याकडं. शाळा चौथीपर्यंत. मागच्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "चौथीवाली बाई लॅबमधी चालत न्हाई. प्रॅक्टिकलची परीक्षा झाली की तुमी वसतिगृहावर झाडायला."

तवापासून मला एका जागी बसवंना. लॅब गेली तर माझ्याकडं राहिलं काय? त्या दिवसांतले हे किस्से.

* * *

वाघमारे मॅडम आमच्या फिजिक्सच्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, आवाज मात्र हेडमास्तरचा. एकदा शिकवत होत्या. सोडियमचा दिवा तापला की आतल्या वाफेचे अणू पिवळा उजेड देतात. स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रातून बघितलं तर त्या उजेडाची रेघ दिसते. पण अणू गरम, सैरावैरा पळतात. आपल्याकडं पळणाऱ्याचा उजेड जरासा निळ्याकडं सरकतो, लांब पळणाऱ्याचा लालकडं. सगळ्यांचा उजेड मिळून येतो, म्हणून रेघ बारीक राहत न्हाई, रुंदावते.

मी फरशी पुसत होते. विचारलं, "मॅडम, ते एका जागी थांबत का न्हाईत?"

"गरम हायत म्हणून, मावशी."

"मग बरोबर हाय. प्राचार्यांनी बोलावल्यापासून मी बी तशीच पळायलेय."

* * *

पोरांच्या डोक्यात ते काही शिरंना. मॅडमनी सहा पोरींना सायकली घेऊन मैदानात बोलावलं. सहाही मोबाईलवर एकच सूर लावला, फुल आवाजात. सायकली उभ्या होत्या तवर एकच आवाज ऐकू यायचा. मग मॅडम म्हणाल्या, "आता दामटा. जिकडं वाट फुटंल तिकडं."

कोणी अंगावर यायली, कोणी लांब जायली. येणारीचा सूर जरा चढला, जाणारीचा उतरला. त्या एका सुराचा पार काला झाला. मॅडम म्हणाल्या, "ऐकलं? हीच आपली रुंद झालेली रेघ."

तेवढ्यात प्राचार्य बाहेर आले. "ही मिरवणूक कोणाची?"

मी म्हटलं, "अणूंची, साहेब."

"परवानगी घेतली का?"

* * *

बोरी गावचा एक पोरगा, अभ्यासाला मागं, बहाण्याला पुढं. भर दुपारी लॅबच्या दारात उभा राहिला. "मॅडम, आज प्रयोग नको. बाहेर लय ऊन हाय. रेघ रुंद यील."

मॅडम म्हणाल्या, "दिव्याच्या आत दोनशे डिग्रीच्या वर ताप हाय. त्याला तुझ्या बोरीच्या उन्हाचं काय कौतुक?"

"मग दिव्याला कूलर लावू."

"लाव. वाफ थंड पडली की उजेडच जाईल. मग रेघच दिसायची न्हाई."

पोरगं खुश झालं. "म्हणजे सुट्टी?"

मी कोपऱ्यातला झाडू उचलला. पोरगं गुमान स्टुलावर जाऊन बसलं.

* * *

आमचे हेडक्लार्क अंगानं भरलेले. ऑफिसपासून लॅबपर्यंत यायला त्यांना दोनदा दम लागतो. एक दिवस हातात कागद घेऊन दारात टेकले. आत मॅडम सांगत होत्या, "ताप सारखाच असला तरी हलका अणू जोरात पळतो, जड अणू हळू. म्हणून हायड्रोजनची रेघ जास्त रुंद, पाऱ्याची कमी."

क्लार्क हसले. "म्हणजे जड असणं चांगलंच की, मावशी."

कागदावर माझं नाव दिसायलं होतं. वसतिगृहाची ऑर्डर टाइप झाली होती, सही तेवढी बाकी.

मी म्हटलं, "लय चांगलं. तुमी असंच हळू चाला. प्राचार्यांची केबिन कुठं पळून जायली न्हाई."

* * *

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक बाहेरगावचे, केस पांढरे, बोलणं कमी. सोडियमच्या पिवळ्या उजेडात दोन रेघा असतात, एकमेकीला खेटून. त्या दिवशी यंत्रात दिसायला होता एकच जाड पट्टा.

"दोन रेघा का दिसेनात?" परीक्षकांनी पहिल्या पोरीला विचारलं.

"अणू पळतात, सर. म्हणून रेघ रुंद झाली."

दुसरीनं तेच सांगितलं. तिसऱ्यानं तेच. बोरीच्या पोरानं बी तेच, वर बाहेरचं ऊन जोडलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. प्राचार्य दारात उभे, हातात माझा कागद.

मला राहवलं न्हाई. हातातलं फडकं टाकलं अन् पुढं झाले. "साहेब, अणूंवर कशाला ढकलायचं? त्यांच्या पळण्यानं रेघ वाढते ती एवढुशी, ह्या यंत्राला दिसत बी न्हाई. उजेड आत शिरतो ती फट पोरांनी लय उघडी टाकलीय, फट रुंद तशी रेघ रुंद. सकाळी उजेड कमी पडला म्हणून स्क्रू फिरवला असंल."

मी स्क्रू पिळला. परीक्षकांनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

"दोन," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "म्हणजे आता अणू गप झाले?"

"न्हाई, साहेब. पळायलेतच. आपल्याला दिसंनात म्हणून ते थांबलेत असं हाय का?"

"शिक्षण किती?"

"चौथी."

प्राचार्य घाईनं आत आले. "ह्यांना आमी वसतिगृहावर पाठवायलोत, सर. आजच सही करायलो."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "वसतिगृहावर स्पेक्ट्रोमीटर हाय?"

"न्हाई."

"मग ह्या तिथं काय बघणार?"

प्राचार्यांनी कागदाची घडी घातली, खिशात कोंबली. अन् काय मनात आलं कोण जाणे, यंत्रावर वाकले.

मी म्हटलं, "चष्मा काढा, साहेब. अन् टेबलाला हात लावू नका."