ताश्तेमिरचे ब्रेक पॅड

ताश्तेमिरच्या फटफटीचा आवाज कानावर आला की सोपू-कोर्गोन गावाच्या वरच्या कुरणांतले घोडे बिथरायचे आणि मेंढ्या मिळेल त्या फटीत घुसायच्या. जनावरांना सुया टोचण्यात त्याचा सगळा जन्म गेला होता. आधी घोड्यावरून फिरायचा, मग ही चिनी फटफटी आली. पोरं जेवायला नाटकं करू लागली की आया सांगायच्या, सुईवाल्या आजोबांना बोलावू का? त्यालाही त्याचं हसू यायचं. एवढ्या सगळ्यांना पळवून लावणारा दुसरा माणूस अलायच्या डोंगरांत नाही, म्हणायचा.

हिवाळा सरता सरता त्याचं पोट दुखायला लागलं. मुलगा एलमुरात त्याला ओश शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी ताश्तेमिरला शर्टाची बटणं लावायला सांगितली आणि मुलाला बाहेर बोलावून घेतलं. आमच्याकडे रोग्याला रोगाचं नाव सांगत नाहीत. ते घरच्यांनी गिळायचं असतं. एलमुरातने घरी येऊन गोठ्यात आईला सांगितलं, आणि वडिलांना सांगितलं की जठराला सूज आहे, औषधाने उतरेल.

तेव्हापासून उल्कान दोन आयुष्यं जगत होती. पहाटेच्या नमाजात ती अल्लापाशी खोटेपणाची माफी मागायची आणि चहाचा प्याला पुढे करताना नवऱ्याला म्हणायची, आज चेहरा जरा बरा दिसतोय हं. जनावराला मरण कळलं की ते खाणं सोडतं, हे तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. माणसाचंही तसंच होईल, ही तिची भीती. म्हणून शेजारपाजारच्या सगळ्यांना तिने तंबी दिली होती. भेटायला येणारे घोडीचं आंबवलेलं दूध घेऊन यायचे, हवापाण्याच्या गोष्टी काढायचे आणि अंगणाबाहेर गेल्यावर डोळे पुसायचे.

वसंत आला, रस्ते मोकळे झाले, आणि ताश्तेमिरने फटफटी बाहेर काढली. पुढचा ब्रेक किंचाळत होता. चाकापाशी उकिडवं बसून त्याने पाहिलं, पॅड झिजून पार पत्र्याला लागले होते. गुलचोच्या बाजाराला जाऊ, म्हणाला. एलमुरात एकटा जाऊन घेऊन येईल, असं उल्कानने सुचवलं. त्याला यातलं काय कळतं, असं म्हणत ताश्तेमिरने टोपी चढवली. मग तीही मागे बसली. तिने त्याच्या कंबरेला हात घातले. पूर्वी जाड कोटामुळे तिचे हात पुढे पोचत नसत. आज कोट तोच होता आणि बोटं सहज एकमेकांत अडकली. तिने मान वळवून नदीकडे पाहिलं.

सुट्या भागांचं दुकान म्हणजे अब्दिमालिकचा लोखंडी कंटेनर. त्याच्या बापाच्या गाई ताश्तेमिरनेच टोचलेल्या. "या आके, या काका. आमची म्हातारी गाय अजून तुमचं नाव काढलं की शेपूट उडवते," असं म्हणत त्याने स्टूल पुसून पुढे केलं. ताश्तेमिरने खिशातून जुना पॅड काढला. अब्दिमालिकने त्यावर एकेक नवा ठेवून माप जुळवलं आणि दोन जोड्या फळीवर मांडल्या. एक मऊ, काळपट. दुसरी टणक, तांब्याची चकाकी असलेली.

मऊ पॅड थंडीतही लगेच पकडतो, त्याने समजावलं, पण घाटातून उतरत राहिलं की एका उन्हाळ्यात संपतो. टणक जरा तापावा लागतो. मग मात्र तीन-चार वर्षं बघायला नको.

"टणकच द्या," उल्कान म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज मोठा वाटला. "दरवर्षी कोण हेलपाटे घालणार? यांना तर पुढच्या वर्षीही कुरणाकुरणातून हिंडायचंय. सूज उतरली की झालं."

अब्दिमालिकने खाली पाहिलं आणि फळीवरचा नट उगीच इकडून तिकडे सरकवला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

ताश्तेमिरने दोन्ही पॅड नखाने खरवडून पाहिले. घाई केली नाही. मग टणक जोडी परत सरकवली.

"हा चाकाची डिस्क खातो," तो म्हणाला. "पॅड कधीही मिळेल. या गाडीची डिस्क आता मिळत नाही. एलमुरातला ती पुष्कळ वर्षं वापरायची आहे."

"तुम्ही वापरा की आधी," उल्कान म्हणाली.

"मला एक उन्हाळा पुरे, उल्कान."

इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. एलमुरातची आई, नाहीतर नुसतंच अगं. ती त्याच्याकडे बघू शकली नाही. अजून एकदा हट्ट धरावा, सूज म्हणावं, औषध म्हणावं, असं ओठापर्यंत आलं. पण त्याने जे एवढ्या शांतपणे फळीवर मांडलं होतं ते ढकलून द्यायला तिचा हात पुढे होईना.

"मऊच बांधा," ती अब्दिमालिकला म्हणाली.

परतताना त्याला दम लागला, म्हणून पुलापाशी थांबले. तिने नान मोडलं, त्याने दोन घास खाल्ले.

"कधीपासून कळलंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"डॉक्टरने पोराला बाहेर नेलं तेव्हाच. जनावर वाचणार नसेल तर मीसुद्धा मालकाला बाजूला घेऊन सांगायचो." तो जरासा हसला. "आणि तू रोज घोड्याचं मांस शिजवायला लागलीस. आपल्या लग्नातसुद्धा इतकं नव्हतं."

तिला हसू आलं आणि तसंच रडूही. तो तिच्या मांडीवरचे नानचे कण वेचत राहिला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या जपून सांभाळत होतीस. म्हटलं, तुला बरं वाटतंय तर असू दे."

तिने डोळे पुसले. काय हवंय, हे ती आता विचारू शकत होती, आणि तिने विचारलं. त्याला वर जायचं होतं, कुरणावर. उन्हाळ्यात सगळे गुरं घेऊन जातात तेव्हा नको, आत्ताच. इस्पितळ नको. वर अजून बर्फ असेल, ती म्हणाली. असू दे, तो म्हणाला.

दुपारी त्याने अंगणात बसून पॅड बसवले. हात थकले तेव्हा पाना एलमुरातकडे दिला. पहिले काही दिवस ब्रेक हलके हलके दाबायचा, एकदम आवळायचा नाही, असं सांगत राहिला. एलमुरात मान हलवत होता, वर बघत नव्हता.

उल्कानने माळ्यावरून तंबूचे जाड लोकरी नमदे ओढून काढले आणि भिंतीवर उन्हात टाकले. पलीकडून शेजारीण कानिमबूने डोकं वर काढलं. इतक्या लवकर का, तिने विचारलं. त्यांना जायचंय, उल्कान म्हणाली. कानिमबूचा चेहरा उजळला.

"म्हणजे उतार पडला वाटतं त्यांना?"

"नाही," उल्कान म्हणाली, आणि काठीने नमद्याची धूळ झाडू लागली.