व्हिडिओतला हुंकारा

दर मे महिन्यात माझा भाऊ त्याच्या मुलीला पुण्याहून मंठ्याला माझ्याकडं आणून सोडतो. का, तर तिला आत्याच्या गोष्टी आवडतात. निदान माझी तशी समजूत होती. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. लग्नघरात पोरं रडायला लागली की मला शोधतात. स्वयंपाकाला मात्र कुणी शोधत नाही, यातच काय ते आलं.

यंदा भाची आली ती पुस्तकांची पिशवी घेऊन. शाळेनं सुट्टीत वाचनाचं चॅलेंज दिलं होतं. पिशवीतली सगळी गोष्टींची पुस्तकं वाचायची, घरातल्या एका मोठ्या माणसानं सोबत बसायचं, आणि शेवटी एक पुस्तक मोठ्यानं वाचून त्याचा व्हिडिओ शाळेला पाठवायचा. पुरं करणाऱ्याला मेडल. सोबतीला मीच बसणार, असं मी जाहीर करून टाकलं. घरात गोष्ट चालू आहे आणि मी बाजूला, हे मला झेपणारं नव्हतं.

मग रोज दुपारी कूलरसमोर सतरंजी टाकून आम्ही दोघी बसायला लागलो. पुस्तकं अशी, की पानावर एक ओळ आणि बाकी सगळा हत्ती. गोष्ट सुरू करायच्या आधी मी जेवढा वेळ घसा साफ करते, तेवढ्यात हत्तीची सर्दी बरी होऊन पुस्तक मिटलेलं असायचं. मी म्हणायची, थांब, पुढचं मी सांगते, बरा झाल्यावर हत्ती मंठ्याच्या बाजारात आला. ती मान वर न करता म्हणायची, पुस्तकात नाहीये ते. आणि दुसरं पुस्तक उचलायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून मी अंथरूण घालून ठेवायची, तर ती तिथंही पुस्तकच घेऊन यायची. माझी गोष्ट कधी, असं विचारलं की म्हणायची, चॅलेंज झाल्यावर. मला त्या एका गोष्टीची आस. मी चॅलेंज संपायची वाट बघत राहिले.

व्हिडिओ राहिला शेवटच्या दिवसावर. भाऊ तिला न्यायला आल्ता, त्यानंच मोबाइल धरला. आवाज येतो म्हणून कूलर बंद केला. मी धुवट साडी नेसून शेजारी बसले. तिनं पहिलं वाक्य वाचलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "हूं."

आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचाच असतो. हुंकारा थांबला की पोर झोपलं असं समजून सांगणारा गोष्ट मिटतो. ही पोरगी लहानपणी माझ्या मांडीवर अर्धवट झोपेतसुद्धा हुंकारा द्यायची, गोष्ट थांबू नये म्हणून.

भाऊ हसला. पुन्हा पहिल्यापासून. मी पदर तोंडात धरला. तिसऱ्या पानावर हत्ती वाट चुकला आणि पदरातूनही हूं निघालाच.

"आत्या, तुझ्यामुळे सगळं खराब होतंय," ती म्हणाली. रागानं नाही. खिडकी लावून घ्या म्हणावं, तसं.

भावानं मोबाइल खाली घेतला. "ताई, तू जरा बाहेर बसती का? जल्दी होऊन जाईल."

"बसते की. कूलरबराबर मला बी बंद करा."

या विनोदाला मी एकटीच हसले.

बाहेर पायरी तव्यासारखी तापलेली. बंद दाराला पाठ लावून मी ऐकत राहिले. वाचते फार छान. प्रत्येक वाक्याला हूं ओठापर्यंत यायचा, तो मी गिळायची. आत ती कुठंच अडली नाही.

दार उघडलं तेव्हा भावानं पिशव्या उचलल्याच होत्या. गाडीची वेळ झाली म्हणाला. मी तरी विचारलं, "अगं, गोष्ट राह्यली ना आपली?"

ती चपला घालत होती. "हे बघ ना आधी," म्हणून तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "आत्या, बघ, आता मध्ये कुणाचाच आवाज नाही."

मी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. तोंड मिटून.