कवठ्याला नेलेला पेढ्यांचा पुडा

हा किस्सा मी सहसा काढत नाही, पण चहा आलाच आहे तर ऐका. फक्त आमच्या हिच्यापुढे विषय नको. ती सांगायला लागली की मला उठून बाहेर जावं लागतं!

नव्वदच्या पुढची गोष्ट. साताऱ्यात माझं हिशेबांचं आणि टॅक्सचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं एकदम आली की मी बाहेर जाऊन उभा राहायचो. एकुलता एक कारकून, तोही ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत पुण्याला कॉम्प्युटर शिकायला पळाला. कपाटावर बिलांची गाठोडी, टेबलाखाली गाठोडी, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरही गाठोडी! त्यात समोरच्या गल्लीत एका नव्या टॅक्सवाल्यानं चकचकीत पाटी लावलेली. काम वेळेत झालं नाही तर माझी सगळी माणसं त्या पाटीखाली जाऊन उभी राहणार, हे काय मला कळत नव्हतं?

मग पेपरात छोटी जाहिरात दिली. घरी बसून हिशेब लिहून देणारं माणूस पाहिजे. गाठोडी एसटीच्या पार्सलनं जायची, लिहिलेल्या वह्या एसटीनंच परत यायच्या. साताऱ्यातलं माणूस मला मुळीच नको होतं. इथं एकाचं बिल दुसऱ्यानं पाहिलं की संध्याकाळी राजवाड्याच्या चौकात चर्चा!

अर्ज आला थेट कवठे महांकाळहून. दत्तात्रय नावाचे गृहस्थ. नमुन्याचं पान सोबत जोडलेलं, अक्षर सुरेख, बेरजा बिनचूक. पण लोकांची बिलं अशी परक्याच्या हातात द्यायची? मी ठरवलं, गुपचूप जाऊन चौकशी करायची. कशासाठी ते मात्र कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की लोक तोंडदेखलं गोड बोलतात, शिवाय आपलं काम बाहेर जातंय हा बोभाटा नको.

आणि इथंच माती खाल्ली!

आता तुम्हीच बघा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, उन्हासाठी डोक्यावर टोपी, आणि माणूस पसंत पडला तर तोंड गोड करावं म्हणून हातात कंदी पेढ्यांचा पुडा. सांगलीला गाडी बदलून असा मी कवठ्यात उतरलो. स्टँडसमोर तुकातात्यांचं चहाचं हॉटेल होतं. तिथं बसलो.

"तात्या, इथं दत्तात्रय म्हणून एक जण राहतात. माणूस कसा आहे हो?"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर पेढ्यांवर येऊन थांबली.

"कुठलं पावनं म्हनायचं?"

"सातारचा."

"चांगला हाय की. लय गरीब सोभाव."

"व्यसन बिसन?"

"सुपारीबी खात न्हाई."

"घरचे कसे आहेत? भांडणतंटा?"

"छे छे! घरात आई हाय, भली बाई." तात्यांनी पेढ्यांकडं पुन्हा बघितलं. "आवं पर पावनं, त्येचं लगीन झालंय की!"

"झालंय? फार छान!" मी म्हणालो. "मला संसारी माणूसच पाहिजे होता."

तात्यांच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली.

"दोन पोरी हायत त्येला."

"असू देत की. आमची काही हरकत नाही."

सांगा, यात माझं काय चुकलं? मुली असलेल्या माणसानं हिशेब लिहू नयेत का?

चहा संपवून मी पुढे किराणा दुकानात गेलो. तेवढ्यात तात्यांनी हॉटेल तसंच टाकून, दिसेल त्याच्या कानावर घालत दत्तात्रयांचं घर गाठलं होतं, हे मला काय ठाऊक! दुकानदारानं मान वर न करता उत्तरं दिली. दारातली एक म्हातारी मला म्हणाली, "शोभतंय का तुमाला ह्या वयात?" मला वाटलं, उन्हातान्हात एवढा प्रवास करतोय म्हणून काळजीनं बोलतेय. मी तिला नमस्कार केला!

घरापाशी पोचलो तर दारात ही गर्दी! मध्ये एक बाई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं दोन्ही मुलींना धरलेलं. शेजारी एक माणूस घामाघूम होऊन शपथा घेतोय. ते दत्तात्रय. बाजूला तात्या उभे.

"ह्योच त्यो!" तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"आवं सायेब," दत्तात्रय रडकुंडीला आले, "मी तुमाला कवा बघितलं तरी हाय का? तुमची पोरगी कोण, कुठली, मला ठावं न्हाई!"

माझी पोरगी? मला तर दोन मुलगेच!

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "दोन पोरीच झाल्या, म्हणून ह्यास्नी दुसरी करून देताय व्हय? करा! मी माज्या पोरी घिऊन जाते."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला हो. एक चहा पिऊन मी या बाईचा संसार मोडायला काढला होता! धाकटी मुलगी माझ्याकडं अशी बघत होती की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो ताई, मी स्थळ घेऊन नाही आलो!" मी ओरडलो. "मी हिशेबवाला! पेपरातल्या जाहिरातीचा! मला हिशेब लिहायला माणूस पाहिजे!"

बाईंनी पिशवी खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जाहिरातीचं? मग ह्यांच्याबद्दल कशाला इचारत फिरताय? अर्ज मी केलाय."

"तुम्ही?"

"मी बी.कॉम. हाय, सांगलीच्या कॉलेजातनं. बाईला कोण काम देतंय म्हणून नाव ह्यांचं घातलं. ह्यास्नी वाण्याचं बिल बघून झोप येती!"

दत्तात्रयांनी आनंदानं मान हलवली. म्हणजे गाव पालथं घालून मी चौकशी केली, तीही भलत्याच माणसाची! सासूबाई आतून तरातरा आल्या. "माजी मंगल सोडून दुसरी आनीन व्हय मी? येडी हाय का?" असं म्हणून त्यांनीच पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून घेऊन फोडला. पहिला पेढा सुनेच्या तोंडात. मंगलताई रडता रडता हसल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

"ताई, काम तुमचंच," मी म्हणालो. "फक्त साताऱ्यात कुणाला कळू देऊ नका."

"थांबा की. तुमी आमची चौकशी केली, आता आमी तुमची करणार. माणूस बरा निघाला तर बघू."

घ्या! इकडं रिटर्नचे दिवस भराभर संपत होते, आणि मी पास होतोय की नापास याची वाट बघत बसलो. शेवटी एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. मंगलताई एसटीडी बूथवरून बोलत होत्या.

"पाठवा गाठोडी. तात्या जाऊन आलं सातारला. तुमच्या मिसेसनी लय तारीफ केली म्हणं तुमची! बायको एवढं चांगलं बोलती म्हंजे माणूस चांगलाच असणार."

काय सांगू, मला नाचावंसं वाटलं! इतक्या वर्षांत हिनं माझ्या तोंडावर कधी एक चांगला शब्द काढला नव्हता, पण मनात होतं हो तिच्या! येताना पेढे घेतले, गजरा घेतला आणि घरी आलो.

"काल कवठ्याचे कोणी आले होते ना गं?"

"आले होते की. टोपीवाले पाहुणे. स्वभाव कसा, व्यसन आहे का, घरचे कसे, सगळं खोदून विचारलं तुमच्याबद्दल. पण कशासाठी ते काही बोलेनात. मी म्हटलं, अहो, मी बायको आहे त्यांची! तर म्हणाले, असू द्या, आमची काय हरकत न्हाई."

तात्या! माझंच वाक्य मला परत करून गेले!

"मग तू काय म्हणालीस?"

"निर्व्यसनी आहेत म्हटलं. शांत आहेत, कामसू आहेत, शब्दानं शब्द वाढवत नाहीत."

"खरंच तुला असं वाटतं?" मी गजरा तिच्या हातात ठेवला.

"छे हो!" गजरा माळत ही म्हणाली. "चांगलं स्थळ दारात चालून आलंय म्हटल्यावर खोड्या सांगते होय मी? कोण नेईल मग तुम्हाला?"